ज्यानं चढवलं त्यानं उतरवावं

पटलं तर ठेवा, नाही पटलं तर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

ही गोष्ट बाहेर सांगायची नाही, असं आमच्या घरात ठरलेलं होतं. भीतीपायी नव्हे. लाजेपायी.

आधी एक सांगतो. आमच्या घरात आजही कुणी दार ठोठावत नाही. बाहेर उभं राहायचं आणि नाव घेऊन हाक मारायची. एखाद्या नवख्या पाहुण्यानं कडी वाजवलीच, तर आतली सगळी माणसं हातातलं काम टाकून एकमेकांकडे बघतात. पाहुण्याला वाटतं, ही माणसं जरा चक्रमच दिसतात.

वाटू द्या.

भुतं अमावस्येच्या रात्री निघतात म्हणे. आमचं भर दुपारी निघालं. साल १९१२, महिना वैशाखाचा. जागा सडक अर्जुनीच्या बाजूचा डोंगर, आज गोंदिया जिल्हा, तेव्हाचा भंडारा. याहून नेमकं सांगणार नाही.

त्या डोंगरात एक धबधबा आहे. गावात त्याला नुसतं 'धार' म्हणतात. पावसाळ्यात धारेचा आवाज आमच्या तलावाच्या पाळीपर्यंत येतो. वैशाखात ती करंगळीएवढी होते, पण खालचा डोह कधी आटत नाही. आसपासच्या बोड्या, म्हणजे लहान तळी, आणि नाले सुकले की रानातलं झाडून सगळं जनावर पाण्याला तिथंच येतं. चितळ, भेकर, अस्वल.

आणि त्यांच्यामागून वाघ.

ज्यांच्या हातून हे घडलं ते शालीकराम, माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. आमचं घर कोहळ्यांचं, पिढ्यान्पिढ्या तलाव बांधणारं. शालीकराम तेव्हा पंचविशीतला, अंगानं धिप्पाड, बोलण्यात तरबेज. गावाचे मालगुजार केशोराव यांचा त्याच्यावर भारी जीव. त्या वैशाखात केशोरावांकडे नागपूरहून एक गोरा साहेब शिकारीला आला, आणि झाडांवर माणसं बसवायचं काम केशोरावांनी शालीकरामवर सोपवलं.

हे काम काय ते सांगतो. रानाच्या एका अंगानं ढोल-डबे वाजवत हाकेवाले निघतात आणि वाघाला पुढे रेटतात. दुसऱ्या टोकाला मचाणावर साहेब. आता वाघ काही सरळ साहेबापुढे जाऊन उभा राहत नाही. तो बाजूनं सटकतो. म्हणून बाजूच्या झाडांवर एकेक माणूस बसवायचा. वाघ आपल्या अंगाला वळला की त्यानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं खोडावर हळूच ठोकायचं. बस, तेवढंच. वाघ थबकतो, कान टवकारतो आणि वाट बदलतो.

शालीकरामनं चार माणसं चार झाडांवर बसवली. पाचवं झाड डोहाच्या काठावरचं, पांढुरक्या सालीचं उंच अर्जुनाचं. तिथं बसायला कुणी राजी नव्हतं. मंगरू राजी झाला.

मंगरू गोंड. शालीकरामच्याच वयाचा. दोघं लहानपणी एकाच तलावात पोहलेले.

त्यानं पाण्याचा तुंबा खांद्यावरून काढून शालीकरामच्या हातात दिला. वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा, गळ्याला तांबडी दोरी.

"हा तुमच्याजवळच ठेवा, भाऊ. चढताना खोडाले ठोकला तं आवाज होते. उतरवाले याल तवा घेऊन या."

"तहान लागली तं?"

"दोन घडीचं काम आहे. आन हे पाहा, नेम ध्यानात ठेवा. ज्यानं चढवलं त्यानंच उतरवाचं. बुडाशी यायचं, झाडाले हात लावाचा, आन नाव घेऊन तीन हाका माराच्या. दुरून हाक मारली तं मी उतरनार नाही. रानात कोनीबी कोनाच्याबी आवाजात बोलते."

शालीकराम हसला. "आन मी इसरलो तं?"

"तं बसून राहीन. मले का घाई आहे? धुरपता भात झाकून ठेवते."

एवढं बोलून मंगरू खारीसारखा सरसर वर चढला. पानांत दिसेनासा झाला.

दुपार टळता हाका सुरू झाला. ढोल, डबे, आरडाओरडा. शालीकराम मचाणाच्या मागच्या झाडावर होता. वानरं खेकसायला लागली. मोर केकाटला. मग एकदम सगळं चिडीचूप.

ठक... ठक-ठक.

डोहाकडून आवाज आला. एक, मग थांबून दोन. मंगरूची ती खूण. शालीकरामला झुडपांतून पिवळा पट्टा सरकताना दिसला. वाघ वळला होता. मंगरूनं आपलं काम चोख केलं होतं.

साहेबाचं तेवढं चोख झालं नाही.

बार निघाला. वाघानं डरकाळी फोडली आणि तीन पायांवर तो पुन्हा डोहाच्या घळीत शिरला. जखमी वाघ! सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब म्हणाला, आता उजेड कमी होतोय, सकाळी बघू. केशोरावांनी सगळ्यांना बैलगाड्यांकडे निघायला सांगितलं.

शालीकराम धावत सुटला. पहिलं झाड. दुसरं. तिसरं. चौथं. हात लावला, तीन हाका मारल्या, माणूस उतरवला.

पाचव्यासाठी घळीत उतरायचं होतं.

तो निम्म्यापर्यंत गेला. तेंदूच्या झुडपापाशी वाट वळते. वळणाच्या पलीकडे अर्जुनाचं झाड, जेमतेम तीस पावलांवर.

ठक... ठक-ठक.

मंगरू अजून ठोकत होता. म्हणजे...

म्हणजे जनावर त्याच्या अंगाला होतं.

शालीकरामनं खाली बघितलं. तेंदूच्या पानावर रक्त होतं. ओलं. आणि झुडपाच्या मागून कुणीतरी श्वास घेत होतं. लांब. घरघरता.

तो माघारी फिरला. चालत नाही, जीव मुठीत घेऊन पळत.

गाड्यांपाशी केशोरावांनी विचारलं, "सगळे उतरले?"

त्या वेळी 'नाही' म्हटलं असतं तर दहा माणसं मशाली घेऊन फिरली असती. साहेबाची बंदूक होती. पण मग कळलं असतं, शालीकराम पळाला. अख्ख्या गावासमोर, हाकेवाल्या पोरांसमोर.

"हव जी," शालीकराम म्हणाला. "सगळे."

तुंबा त्याच्या खांद्यावरच होता. त्यानं तो धोतराच्या सोग्याखाली झाकला.

सकाळी उजाडता उजाडता धुरपता दारात उभी. मंगरूची बायको. कडेवर वर्षाची पोर.

"भाऊ, हे घरी आले नाहीत. तुमी उतरवलं होतं ना?"

शालीकरामला वाटलं होतं, रात्रीतून मंगरू आपला आपण येईल. तो आला नव्हता. आता खरं सांगायची दुसरी वेळ आली होती. आणि इथं शालीकराम जे बोलला ते लिहिताना आजही माझी मान खाली जाते.

"उतरवलं ना मी त्याले," तो म्हणाला. "पन तो आमच्यासंगं आला नाही. कलाराच्या भट्टीकडं गेला. जरा... घेतलेली होती त्यानं."

"ते मोहाचा थेंब घेत नाहीत, भाऊ."

"काल घेतली होती."

गोंडाचा माणूस दारू पिऊन पडला म्हटलं की दुसरा प्रश्न कुणी विचारत नसे. शालीकरामला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तो तसं बोलला. गाव भट्टीच्या वाटेनं शोधायला गेलं. पूर्वेला.

धार पश्चिमेला होती. जखमी वाघापायी तिकडे कुणी फिरकलं नाही, साहेबानंही माग काढणं पुढे ढकललं.

शालीकराम तलावाच्या पाळीवर जाऊन बसला. वारा डोंगराकडून येत होता.

ठक... ठक-ठक.

एकजण बैल घेऊन चालला होता. तो म्हणाला, "सुतार पक्षी आज लय लवकर उठला गा!"

सूर्य वर चढला. पाळ तापली. ठकठक चालूच होती. आधी नेमानं, मग हळू, मग फार वेळानं एकदा. वैशाखातलं ऊन, रात्रभराचा उपाशी माणूस, खाली डोळ्यांसमोर गार पाण्याचा डोह आणि डोहापाशी तो वाघ. तुंबा शालीकरामच्या घरी, आढ्यात खोचलेला. त्याला अजूनही उठून जाता आलं असतं. तो उठला नाही.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा ठकठक थांबली.

पुढे दोन दिवसांनी वाघ घळीच्या तोंडाशी मेलेला सापडला. अर्जुनाच्या बेचक्यात मंगरूची कुऱ्हाड तशीच अडकवलेली होती. डोहाच्या काठाशी पाण्यात त्याचं पागोटं तरंगत होतं. बाकी काही मिळालं नाही. गावानं ठरवलं, दारू पिऊन परत धारेकडे गेला असेल, पडला असेल पाण्यात. केशोराव म्हणाले, "दारुड्याले कोन का करनार?" पुढे बरीच वर्षं कुणी जास्त पिऊन पडला की गावातली पोरं म्हणत, "मंगरू झाला!"

धुरपता ते ऐकत होती. शालीकरामही ऐकत होता. खाई त्याला खवखवे.

बावीस वर्षं गेली.

१९३४ च्या वैशाखात एका दुपारी धुरपता पुन्हा आमच्या दारात उभी राहिली. केस पांढरे झाले होते. शालीकराम आता तलावाच्या पाण्याचा पंच होता. कुणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, पाणी कधी जायचं हे त्याच्या शब्दावर ठरे. माणसं त्याला 'पाटील' म्हणत.

"पाटील, मी तेंदूची पानं तोडाले धारेवर जातो. चार दिवस झाले, तिथं ठोकून राहिलं कोनीतरी."

"सुतार पक्षी असंल."

"बायका भेल्या. येत नाहीत आता. मी एकटी गेलो काल. एक, मंग दोन." तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. "तुमी त्याले उतरवलं होतं ना?"

"हव."

"मंग तो काऊन ठोकून राहिला?"

शालीकराम घरात गेला. आढ्यातून काहीतरी काढलं. बाहेर आला तेव्हा हातात तुंबा होता. तांबडी दोरी उंदरांनी कुरतडली होती.

धुरपतानं तो ओळखला. ती वळली आणि धारेच्या वाटेनं चालू लागली. शालीकराम तिच्या मागून.

घळीत ते दोघं पोचले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. धार बारीक होती, दगडावरून ओघळत होती. डोह हिरवाकाळा, स्थिर. सभोवती चिखलात खुरांच्या खुणाच खुणा. चितळांच्या, डुकरांच्या, अस्वलाच्या पंजाच्या.

फक्त एका जागी चिखल कोरा होता. अर्जुनाच्या खाली. दोन-तीन बैलगाड्या मावतील एवढी जागा, आणि तिच्यावर एक खूर नाही, एक नख नाही. जनावरांच्या वाटा तिथपर्यंत येत आणि वळसा घालून जात.

"कोनी जात नाही त्याच्या बुडाशी," धुरपता हळूच म्हणाली. "तो जाऊ देत नाही."

तेवढ्यात वरच्या कड्यावर वानर खेकसलं.

दोघंही मोठ्या दगडाआड खाली बसली. समोरच्या काठानं एक भेकर आलं. पाण्याला तोंड लावलं. मग मान वर करून अर्जुनाकडे बघितलं आणि एका उडीत पसार झालं. वानरं गप्प झाली. रातकिडे गप्प झाले. धारेचा आवाजसुद्धा... कमी झाल्यासारखा वाटला.

वाघ आला.

तो डोहाच्या काठानं चालत आला, अगदी सावकाश. दगडाच्या दिशेनं. त्याला वास लागला होता. शालीकरामला त्याच्या मिशा दिसत होत्या, एवढा जवळ. धुरपतानं त्याचं मनगट धरलं. पळायला जागा नव्हती. मागे कडा, पुढे वाघ.

वीस पावलं.

पंधरा.

वाघ दबला. शेपटीचं टोक हललं.

ठक...

ठक-ठक.

वाघ थबकला. कान मागे गेले. त्यानं वर बघितलं, अर्जुनाच्या शेंड्याकडे. तिथं पानं होती. फांद्या होत्या. दुसरं काही नव्हतं.

ठक... ठक-ठक.

वाघ वळला. नेमका तसाच वळला, जसा बावीस वर्षांपूर्वी तो दुसरा वळला होता. पाणी न पिता घळीच्या तोंडातून निघून गेला.

शालीकरामला रडू फुटलं. भीतीनं नव्हे. ज्याला आपण टाकून पळालो, तोच आपल्याला वाचवतोय, हे कळल्यानं. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या, मानगुटीवर बसला असता तरी चाललं असतं. हे सोसवत नव्हतं. आपण माणूस म्हणून किती हलके आहोत, हे त्याला त्या एका ठकठकीनं कळलं.

त्यानं डोहात तुंबा भरला. कोऱ्या चिखलावर पाय टाकला. चालत बुडाशी गेला, तुंबा खाली ठेवला आणि खोडाला हात लावला. साल गार होती. आतून... काहीतरी ठोकलं जात असल्यासारखी ती थरथरत होती.

"मंगरू," तो म्हणाला, "मी तुले उतरवाले आलोच नाही. तेंदूपाशी आलो, आन भेलो. मालगुजाराले खोटं बोललो. धुरपतालेबी खोटंच सांगितलं. तू पेला नव्हता. मी पाळीवर बसून तुझं ठोकनं ऐकलं. दुपारपावतर ऐकलं."

मागे धुरपता उभी होती. तिच्या तोंडून एक आवाज निघाला. शालीकराम मरताना म्हणाला, वाघाच्या डरकाळीपेक्षा तो आवाज वाईट.

मग त्यानं हाका मारल्या.

"मंगरू, उतर."

"मंगरू, उतर."

"मंगरू... उतर गा."

थरथर थांबली.

वरून सालीचा एक पापुद्रा गळून पडला. मग त्याच्या खालून एक. मग आणखी खालून. कुणीतरी खोड धरून उतरावं तशी साल झडत येत होती. डोक्याएवढ्या उंचीवरून शेवटचा पापुद्रा पडला.

समोर कुणी नव्हतं.

तुंबा आडवा झाला होता. शालीकरामनं तो उचलला. रिकामा. खालची जागा कोरडी ठणठणीत होती.

परतीच्या वाटेवर सागाचा पाचोळा होता. दोघांच्या पायांखाली तो वाजत होता. आणि दोघं थांबली की मागे... आणखी दोन पावलं वाजून मग थांबत होता.

धुरपतानं मागे बघितलं नाही. चालता चालता ती बोलत होती. साध्या आवाजात, शेतातून येताना बोलावं तसं.

"पोरीचं लगन केलं, बाप्पा. कामठ्याकडं दिली. दोन लेकरं आहेत तिले. घराची मागची भिंत पडली होती, मीच बांधली..."

पाळीपाशी आली. तिथं एक मोहाचं झाड आहे, तिथून गावाची शीव लागते. दोघं शिवेच्या आत आली. मागचा पाचोळा वाजला नाही.

"थांबला," शालीकराम म्हणाला. "काऊन थांबला?"

धुरपतानं त्याच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"गावात त्याचं नाव दारुड्या आहे, पाटील. तो कोन्या तोंडानं आत येईन? चावडीवर सांगा. मंग येईन तो."

"उद्या सांगतो," शालीकराम म्हणाला. "तुझ्या पायाची आन."

दुसऱ्या दिवशी तो चावडीवर गेला, हे खरं आहे. केशोराव म्हातारे झाले होते, तक्क्याला टेकून बसले होते. दहा-बारा माणसं होती. सगळ्यांनी सरकून शालीकरामला जागा दिली.

"या, पाटील. काय काम काढलं?"

शालीकरामनं तोंड उघडलं. सरकून दिलेल्या त्या जागेकडे त्याचं लक्ष गेलं.

"खालच्या बांध्यांच्या पाण्याचं विचाराचं होतं," तो म्हणाला.

त्या दुपारी मोहाच्या झाडातून ठकठक आली. एक, मग दोन. गाव म्हणालं, सुतार पक्षी.

दर वैशाखात ती येई. धुरपता आमच्या घरावरून जात असे, कधी काही विचारत नसे. फक्त वर्षातून एकदा, पहिली ठकठक झाली की दारात थांबे.

"आजबी नाही?"

"उद्या," शालीकराम म्हणे.

बारा वर्षं.

१९४६ च्या वैशाखात धुरपता गेली. तिला माती देऊन माणसं परतायला लागली तेव्हा शालीकराम मोहाच्या झाडाखाली वाटेच्या मधोमध उभा राहिला. हात जोडले. सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही.

ऐकणारी सगळी तरणी पोरं होती. केशोराव केव्हाच गेले होते. तेव्हाचे हाकेवालेही कुणी मेले, कुणी गाव सोडून गेले होते. पोरांनी एकमेकांकडे बघितलं.

"कोन मंगरू?" एकानं विचारलं.

"बुढा बरळून राहिला," दुसरा म्हणाला. "उन्हाचा उभा आहे कवाचा."

त्यांनी त्याला सावलीत बसवलं, पाणी पाजलं, आणि निघून गेले. ज्यांच्यापुढे मंगरूचं नाव घाण केलं, त्यांतला एकही आता ते धुऊन घ्यायला उरला नव्हता. शालीकरामनं झाडाला हात लावला. तीन हाका मारल्या. ठकठक थांबली. त्यानं श्वास रोखला.

ठक... ठक-ठक.

पुढच्या वर्षी, देशाला स्वातंत्र्य मिळायच्या तीन महिने आधी, शालीकराम अंथरुणाला खिळला. जाणाऱ्या माणसाला खाटेवरून उतरवून जमिनीवर घ्यायची आपल्यात रीत. खाटेवर मरण म्हणजे घराला कमीपणा. माझे आजोबा दुधराम, त्याचे धाकटे भाऊ, खाली गोणपाट अंथरून, सारवलेल्या जमिनीवर जागा करून आले. त्याच्या काखेत हात घातले.

म्हाताऱ्यानं खाटेचा माचा घट्ट धरला.

"मले उतरवू नको, दुधराम."

"दादा, असं काऊन?"

"तो वर आहे तवर मले उतरवू नको."

मग त्यानं सगळं सांगितलं. दुपारभर तेच सांगत होता. त्याचं एक बोट माच्याच्या लाकडावर ठोकत होतं. एक, मग दोन. आजोबांनी त्याला उतरवलं नाही. सूर्य डोक्यावर आला तेव्हा श्वास गेला. बोट थांबलं.

ठकठक थांबली नाही.

ती आढ्यातून येत होती. जिथं बावीस वर्षं तुंबा खोचलेला होता, तिथून.

आजोबांनी हे माझ्या वडिलांना सांगितलं, वडिलांनी मला. प्रत्येकानं शेवटी एकच वाक्य जोडलं: बाहेर बोलू नको, घराची लाज आहे.

मी बोललो. मंगरू दारू प्यायला नव्हता. त्याला उतरवायला कुणी गेलंच नाही. हे लिहून ठेवतोय, निदान तुम्ही तरी वाचाल.

पण मन निवत नाही. ज्यानं चढवलं तो तर गेला. आता उतरवणार कोण? त्याच्या रक्ताचा माणूस चालतो का, हे सांगणारंही कुणी उरलेलं नाही.

या वैशाखात मी भर दुपारी पाळीवर गेलो होतो. मोहाच्या झाडाला हात लावला. साल आतून थरथरत होती. नाव ओठांवर आलं. रस्त्यानं शेजारचे दोघं येत होते. ते काय म्हणतील, असं वाटलं. मी हात काढून घेतला आणि घाम पुसत असल्यासारखं केलं.

हाक मारली नाही.

उद्या मारीन.